तोंडी परवानगी

स्टेशन बंद पडून एकोणीस वर्षं झाली, आणि आता कुठं एका संस्थेला त्याचा उमाळा आला. कौलं बदलली, भिंतीवरचे रंगाचे सात थर खरवडून मूळचा पिवळा शोधून काढला, वजनकाटा घासूनपुसून लख्ख केला. गाडी काही येणार नव्हती. माणसं येणार होती, तिकीट काढून, रिकामे रूळ बघायला. शेवटची गाडी गेली तेव्हा यांच्यातलं एक माणूस फिरकलं असेल तर शपथ!

जुने मास्तर स्टेशनमागच्याच गल्लीत राहत. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, गुडघे कामातून गेलेले. संस्थेची बाई त्यांना रोज बोलावून घेई. बाकडं कुठं होतं, कंदील कुठं टांगायचा, मास्तर सगळं बिनचूक सांगत. पण चेहऱ्यावरची रेष हलेल तर! बायको गेली तेव्हाही ते रडले नव्हते. लोक म्हणत, ‘दगड आहे नुसता.’ मास्तरांनाही ते पटायचं. आत काही हलतच नाही, त्याला बिचारे काय करणार?

बाईला सगळ्यात अप्रूप लाल यंत्राचं. मास्तरांनी समजावलं, “हे बघा, पुढच्या स्टेशनानं तिकडून कळ दाबली तरच यातून लोखंडी गोळा निघतो. तो ज्याच्या हातात, रूळ त्याचे. एक गोळा बाहेर असला की दोन्हीकडून दुसरा निघतच नाही. म्हणजे टक्कर होणं शक्य नाही.”

“म्हणूनच तर!” असं म्हणत बाईनं दाराशी लावायच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला. ‘एकशे चार वर्षांत एकही अपघात नाही.’ “चालेल ना, मास्तर?”

मास्तर म्हणाले, “दोन दिवस थांबा.”

त्यांचा धाकटा भाऊ रूळदुरुस्तीच्या टोळीचा मुकादम होता. बत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो मास्तरांच्या टेबलाशी आला. म्हणाला, “दादा, ट्रॉली घेऊन वळणापर्यंत जाऊन येतो. गोळा दे.” गोळा द्यायचा म्हणजे पुढच्या स्टेशनाला घंटा, मग फोन, मग वहीत नोंद. सख्ख्या भावासाठी कोण एवढा उपद्व्याप करतो? “जा रे, पाऊण तास काही येत नाही,” मास्तर म्हणाले. दहा मिनिटांत पुढच्या स्टेशनानं एका जादा मालगाडीसाठी लाइन मागितली आणि मास्तरांनी दिली. कशी दिली? सवयीनं. घंटा वाजली, हात कळेवर गेला. ट्रॉलीवरच्या दोघांनी उड्या टाकल्या. धाकटा मात्र ट्रॉली रुळांवरून बाजूला ओढायला थांबला. गाडी घसरू नये म्हणून.

चौकशीत मास्तर म्हणाले, “मला न विचारता गेला.” मेलेला माणूस उलटून बोलत नाही. अहवालात आलं, मुकादमाची स्वतःची चूक. म्हणून तो स्टेशनाचा अपघात धरलाच नाही. पुढं मास्तरांनी भावजयीचं घर चालवलं, दोन्ही पुतण्या शिकवल्या. ‘भाऊ असावा तर असा,’ असं लोक म्हणत आणि मास्तर मुकाट्यानं ऐकून घेत.

पाटीचा मजकूर ऐकला त्या संध्याकाळी ते काठी टेकत भावजयीकडं गेले. ती शिलाईयंत्रावर बसली होती. मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, “स्टेशनावर पाटी लागतेय, एकही अपघात झाला नाही अशी. तो विचारून गेला होता. मीच जा म्हटलं.”

तिनं यंत्र थांबवलं नाही, हातातली शिवण पुरी केली. दचकलीही नाही.

“माहीत आहे मला. डबा विसरले होते ते. मी द्यायला आले होते, खिडकीशी उभी होते. ‘पाऊण तास काही येत नाही,’ म्हणालात तुम्ही.”

मास्तरांनी भिंत धरली. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलून काय केलं असतं, भाऊजी? तुमची नोकरी गेली असती. माझ्या पोरी कुणी वाढवल्या असत्या? गिळलं सगळं. तुमच्या पानात वाढत राहिले. लोक म्हणायचे, कशी नशीबवान! चौकशीत त्यांना बेशिस्त ठरवलं, तेही ऐकलं.” तिनं दोरा तोडला. “आता पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. आता मला कुणाची भीती? त्या पाटीवर लिहा. त्यांचं नाव लिहा, आणि खाली तुमचं.”

तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. आता हा माणूस रडेल असं तिला वाटलं असावं, कारण ती तोंड फिरवून उभी राहिली. मास्तरांनाही तसंच वाटलं. त्यांनी वाट पाहिली. काही आलं नाही.

त्यांनी पाणी संपवलं आणि कागद मागितला.