आईची पाठ आणि माझी लाल गाडी

माझ्या नव्या गाडीत आई पहिल्यांदा बसली, आणि उतरल्यावर तिनं गाडीला लांबूनच हात जोडले.

नवी म्हणजे माझ्यासाठी नवी. आधी ती हैदराबादच्या एका तरुण इंजिनीअरकडे होती. लाल, ठेंगणी, मोठ्या चाकांची, मागच्या काचेवर पंखासारखी पट्टी. मी आदिलाबादला शेती खात्यात कारकून, वय बेचाळीस, केस दर वर्षी थोडे मागे सरकणारे. पण त्या गाडीत बसलो की मी तिशीतला दिसतो असं माझं मत होतं. (या मताला घरात दुजोरा कुणी दिला नव्हता.)

आई निवृत्त शिक्षिका. अर्ध्या आदिलाबादचा हात धरून तिनं पहिलीच्या वर्गात 'अ' गिरवून घेतला होता. आता तिच्या मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दचके बसू देऊ नका. आणि माझी गाडी तर रस्त्यावर शेंगदाणा पडला तरी कळवायची.

"बाबू, मी नाई बसत याच्यात आता," आई म्हणाली.

"काऊन?"

"गाडी चालून राह्यली की उखळात कांडून राह्यली, काई समजत नाई."

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या लेकीचा, अनूचा, अक्षराभ्यास बासरच्या सरस्वती मंदिरात ठरला होता. पोर पहिलं अक्षर देवीसमोर लिहिणार, आणि तिचा हात आजीनंच धरायचा, हे आईनं अनूच्या बारशातच जाहीर करून टाकलं होतं. मुहूर्त पंधरा दिवसांवर होता.

"गाडी भाड्यानं करू," माझी बायको सुनीता म्हणाली. "एखादी मोठी."

दारात स्वतःची गाडी असताना भाड्याच्या गाडीनं जायचं?

मी इचोड्याच्या यादगिरीकडे गेलो. ट्रकांच्या रांगेत त्याचं छोटं गॅरेज. त्यानं गाडी वर उचलली, खालून दिवा मारला आणि मान हलवली.

"सार, ये गाडी भागने के वास्ते है, बैठने के वास्ते नहीं."

मग त्यानं बोटानं दाखवलं. आधीच्या मालकानं गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी म्हणून स्प्रिंगा चक्क कापल्या होत्या. चाकं गरजेपेक्षा मोठी आणि त्यांवर टायर पापडासारखे. म्हणजे दचका खड्ड्यातून निघायचा तो वाटेत कुठंच न थांबता थेट आईच्या मणक्यात पोचायचा.

यादगिरीनं मूळ मापाच्या स्प्रिंगा घातल्या, नवे शॉकअप लावले, लहान चाकं आणि जाड टायर बसवले, हवा मोजून भरली. परतताना गाडी अशी निघाली की मी दोनदा काच खाली करून खात्री केली, आपण चालूनच राह्यलो ना.

"बस, सार," तो म्हणाला होता. "अब इसको कुछ मत करना."

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मला गोडी लागली. इतका आराम मिळतो, तर आणखी का नाही? मामाच्या शेतातला ताजा कापूस आणला आणि गादीवाल्याकडून सगळ्या सीटांवर जाड गाद्या शिवून घेतल्या. आईच्या जागेवर दोन. मग टायरमधली थोडी हवा सोडली. मग आणखी थोडी. ताकानं भरलेला तांब्या सीटवर ठेवून कॉलनीचे सगळे स्पीडब्रेकर ओलांडले. थेंब सांडला नाही. सुनीताला दाखवायला तांब्या उचलला, तेव्हा मात्र सगळं ताक माझ्या मांडीवर आलं.

"गाडी सुधारली," ती म्हणाली. "आता तुमचं पाहा."

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आई मागच्या सीटवर बसली आणि हळूहळू खाली गेली. बाहेरून फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

"कसं वाटून राह्यलं?"

"ढगात बसल्यावानी," आई म्हणाली. मी आरशात स्वतःकडे पाहून घेतलं.

इचोड्याच्या आधीच अनू झोपली. मग सुनीता. मग आई, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. बाहेर सागाची राखाडी झाडं धुक्यातून येत आणि धुक्यात जात होती. कुठं पळसाला पहिली कळी, कुठं बैलगाडीच्या मागं सांडलेला कापूस, पांढरी रेघ लांबवर गेलेली. घाट उतरताना गाडी वळणावर नुसती कलायची आणि परत सावरायची, पाळण्यासारखी. रस्त्याचा आवाज येत नव्हता. माझ्या घरची तीन माणसं श्वास घेत होती, तेवढंच ऐकू येत होतं. आई कित्येक दिवसांत इतकी शांत झोपली नव्हती. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये. आई उद्या शेजारणींना काय सांगेल ते मी मनात ऐकत होतो. तिचं वाक्य मी चारपाच वेळा सुधारलं.

समोर मोठा पूल आला. खाली गोदावरी, रुंद, चांदीसारखी, मधे वाळूची बेटं. आईला जाग आली. तिनं नदीला हात जोडले.

"आलं का बासर?"

"आलंच," मी म्हणालो. मग लक्षात आलं. आमच्या रस्त्यावर मध्ये कुठं गोदावरी लागतच नाही.

पुलापलीकडं तेलुगूत पाटी होती. आईनं ती शिक्षिकेच्या स्वच्छ आवाजात वाचली. "आर्मूर. बाबू, बासर इकडं कवापासून?"

बासरसाठी निर्मल गावाला वळायचं होतं. निर्मल केव्हा आलं आणि केव्हा गेलं, मला ठाऊक नव्हतं.

"तुमी तर जागे होते ना?" सुनीतानं विचारलं.

"डोळे उघडे होते," मी म्हणालो.

मुहूर्त बाराच्या आत. गाडी वळवली, परत निर्मल गाठलं आणि भैंसा रस्त्यानं पळवली. आता ढगाचं जहाज झालं. हवा कमी, प्रत्येक वळणावर आम्ही सगळे एकाच बाजूला. अनूनं सकाळचे पोहे नव्या गादीच्या हवाली केले. बासरला पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती.

मी दार उघडलं. "चल आई."

आई हलली नाही. चार तास त्या दोन गाद्यांत खोल बसून तिची पाठ धनुष्यासारखी वाकली होती. मी एक हात ओढला, सुनीतानं दुसरा. आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि आम्ही दोघांनी हात सोडले.

"डॉक्टरनं पाठ सरळ ठेवा म्हणलं होतं," आई डोळे मिटून म्हणाली. "तू दचक्याचंच ऐकलं." मग म्हणाली, "पोरीला घेऊन जा तुमी. वेळ जाईन."

सुनीता अनूला घेऊन देवळात गेली. मी दाराशी उभा राहिलो, आईकडं न बघता.

पंधरा मिनिटांनी त्या परत आल्या. गुरुजींनी खूप समजावलं, पण अनूनं मूठच उघडली नव्हती. "आजी हात धरन," एवढंच म्हणत होती. शेवटी गुरुजींनी पाटीला कुंकू लावून दिलं आणि म्हणाले, जिथं आजी आहे तिथं लिहा.

अनू पोह्यांच्या डागावरून रांगत आजीच्या कुशीत शिरली. आईनं पाटी पोटावर टेकवली, बोटांत बोटं घातली. पांढरी, थरथरती रेघ वर गेली, वळली, खाली आली. 'अ'. बाहेर फुलं विकणारी बाई टोपली खाली ठेवून बघत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाठीमुळं की कशामुळं, मी विचारलं नाही.

मग त्याच फुलवालीनं आणि तिच्या बहिणीनं आईच्या पाठीमागून चादर सरकवली आणि तिला अलगद उभं केलं. आई दहा पावलं चालली, सरळ झाली, आणि पहिला प्रश्न विचारला तो स्टेशनचा.

दुपारच्या रेल्वेनं त्या तिघी निघाल्या. आईनं खिडकीशी बसून पाठ ताठ टेकवली आणि अनूला शेजारी घेतलं. सुनीतानं मला हात हलवला.

आणि मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या सगळ्यात आरामशीर गाडीतून एकटा घरी आलो. वाटेत अंगाला कुठं धक्का लागला नाही. जे काही दुखत होतं, त्याला शॉकअप मिळत नाही.