टाचेची परीक्षा

तिसऱ्याकाकीला नदी टाचेने कळायची. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायची, उजवी टाच तळात दाबून अर्धी फिरवायची आणि म्हणायची, "हय आसत." वाकून हात घातला की मूठभर शिंपल्या, म्हणजेच तिसऱ्या, वर. वाडीतल्या अर्ध्या घरांचं कालवण तिच्या टोपलीतून यायचं. बारीक शिंपली हाताला लागली तर परत पाण्यात सोडायची आणि वर तिला बजावायची, मोठी होऊन ये.

पंचावन्न-छप्पन साली मालवणजवळच्या त्या शाळेत मी मास्तर म्हणून गेलो. घाटावरचा माणूस. मासे खायला आठवड्यात शिकलो, अक्कल यायला वेळ लागला. काकी मला "मास्तरानु" म्हणायची, पण स्वर असा, की मीच तिच्या वर्गात पहिलीला आहे.

श्रमदानाचे दिवस होते. पलीकडच्या मुलांना शाळेत यायला होडीची वाट बघावी लागे, म्हणून मी पुढाकार घेऊन नदीच्या अरुंद फाट्यावर तांबड्या मातीचा बांध घालून घेतला. काकीने बजावलं होतं, माती घालू नका, तिसऱ्या मरतील, लाकडाचा साकव घाला. मी तिला पुस्तक दाखवलं. शिंपले चिखलात राहतात, छापलेलंच होतं! काकीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे वाद मी जिंकला.

पावसाळ्यात बांधाची माती धुपून तळावर बसली. पाणी अडलेलं, त्यामुळे ओहोटीलाही ती हलेना. दसऱ्याला काकीची टोपली रिकामी. ती शाळेच्या दारात आली, भांडली नाही, नुसतं चला म्हणाली. मी धोतर खोचून नदीत टाच दाबली आणि पोटरीपर्यंत रुतलो. हाताला तिसऱ्या आल्या त्या मेलेल्या, उघड्या, आत काळा चिखल.

"रेतीतसून पाणी फिरायचां, तेंका श्वास गावायचो," काकी म्हणाली. "तुमका असां चिखलात पुरून ठेवलां तर जगशात?"

मी घरोघर जाऊन चूक कबूल केली. बांध फोडताना लोकांनी मला मनसोक्त चिडवलं. त्याच जागी माडाच्या खोडांचा साकव झाला, मुलं त्यावरून दुडदुडत शाळेत येऊ लागली. चिखल मात्र सावकाश निघाला. दर मोठ्या ओहोटीला काकी मला पाण्यात उतरवून विचारायची, पायाला काय लागतं? चिखल म्हटलं की, नापास! असा मी दोन वर्षं नापास होत राहिलो.

मग देवगडला बदली झाली. ट्रंक घेऊन एसटीसाठी निघालो, तर काकी वाटेत उभी. ट्रंक तिथेच ठेवायला लावून तिने मला नदीत नेलं. टाच दाबली. खरखरीत रेती लागली आणि रेतीत काहीतरी टणक सरकलं. हात घातला, तर नखाएवढी तिसरी, जिवंत, तोंड घट्ट मिटलेली. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

काकीने ती माझ्या तळव्यावरून उचलली, मोठी होऊन ये गो म्हणत पाण्यात सोडली आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं.

"पास झालंस रे मेल्या. आता जा."

त्यानंतर शिंपल्यांचा धडा मी कधी वर्गात शिकवला नाही. मुलांना नदीवर न्यायचो आणि पाण्यात उतरवून टाच दाबायला सांगायचो.