राखेखाली झाकलेली आग

आयर्लंडमधल्या आमच्या मेयोत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. शेजारची म्हातारी हनोरा खुर्चीत बसल्या जागी जळून राख झाली. उरली फक्त पावलं, बुटांसकट. खुर्चीजवळचं टेबल जसंच्या तसं. तिची मुलगी देलिया त्या रात्री एका मयताच्या घरी जागायला गेली होती. निघताना तिने रिवाजाप्रमाणे चुलीतले निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून राखेखाली झाकले होते. सकाळी पोलिसांनाही ते झाकलेलेच सापडले.

मग आग आली कुठून? "पोटातून," गाव म्हणालं. "एवढी दारू ढोसल्यावर दुसरं काय होणार?"

हनोरा प्यायची, खोटं कशाला बोलू? पण तिच्याहून पिणारे दहाजण धडधाकट फिरत होते. देलियाला ते बोलणं जिव्हारी लागायचं. आईवरचा हा डाग पुसायचाच, म्हणून तिने डॉक्टर कॉनरींना घरी बोलावलं. मीही होते.

"दारूनं माणूस आतून पेटत नाही, पोरी," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून ठिणगी लागते. माणूस बेशुद्ध असला किंवा आधीच गेलेला असला, तर अंगावरचे कपडे वात होतात आणि चरबी मेण. शरीर मेणबत्तीसारखं तासन् तास संथ जळतं, म्हणून घराला झळ लागत नाही. पावलांत चरबी कमी, म्हणून ती राहतात. छातीठोक कुणी सांगणार नाही, पण मला हेच पटतं."

"म्हणजे दारू नव्हेच!" देलियाचा चेहरा उजळला. "पण ठिणगी कुठली? चूल तर मीच झाकली होती."

"आणि झाकण्याआधी?"

देलियाने चुलीजवळच्या चिमट्याकडे पाहिलं. हनोराचे हात थरथरायचे. रोज चिमट्यात निखारा धरून तिचा तंबाखूचा मातीचा पाइप देलियाच पेटवून द्यायची. मग चूल झाकायची.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "तोंडातून चकार शब्द काढू नकोस, बाई. गाव तुला फाडून खाईल."

रविवारी चर्चच्या दारात गावातला मार्टिन खिदळला, "काय गं देलिया, आज न पिता आलीस ना? नाहीतर घेशील पेट!"

"आई दारूनं जळली नाही, मार्टिन," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तिच्या पाइपला निखारा मी लावला आणि तिला एकटं सोडून गेले. आता बोलायचं ते मला बोल."

मार्टिनने टोपी काढली. माझे डोळे भरून आले, आणि तिला गप्प राहायला सांगितल्याची लाज वाटली.

त्यानंतर देलियाने चूल कधी झाकली नाही. रोज पाणी ओतून विझवायची आणि सकाळी आमच्याकडे बादली घेऊन निखारा मागायला यायची. चिमटा मात्र मलाच धरायला लावायची.