काळी कुठवर?

अण्णांनी प्लॉट घेतला त्या दिवशी मी सोबत असते तर तिथंच भांडले असते. विकाराबादच्या रस्त्याला एकाच वस्तीत दोन प्लॉट विकायला होते. एकाची जमीन तांबडी, मुरमाड, पहार आपटली तर उडेल अशी. दुसऱ्याची काळीभोर. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं आणि काळा घेऊन मोकळे झाले. सगळी नोकरी हैदराबादेत गेली, पण डोळा शेतकऱ्याचाच राहिला.

"असली माती हैदराबादेत मिळती कुठं?" त्यांनी मला फोनवर विचारलं.

"अण्णा, तिथं घर बांधायचंय. कापूस नाही लावायचा."

घर आईसाठी हवं होतं. नल्लकुंट्यातलं आमचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्यांमुळे आईला जिना उतरणं जमेना. दवाखान्यात न्यायचं तरी खुर्चीत बसवून उचलून आणावं लागे. तिला तळमजला हवा होता, दार उघडलं की अंगण.

इंजिनीअरनं माती पाहिली आणि तोंड वाकडं केलं. काळी पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते, आणि वरची भिंत तडकते. मुरूम लागेपर्यंत खणायचं, त्यावर पाया घ्यायचा. दहा फुटांत लागला तर ठीक. त्याहून खोल जायची आमची ऐपत नव्हती. मग घराचं नाव सोडायचं.

अण्णांना समजावं म्हणून मी दोन्ही प्लॉटची माती दोन बाटल्यांत घातली, पाणी ओतून हलवली. तांबडीतली वाळू लगेच तळाला गेली, तिच्यावर गाळ बसला, संध्याकाळपर्यंत पाणी बरंचसं निवळलं. काळीची बाटली दुसऱ्या सकाळीही गढूळच.

"ही चिकणमाती," मी म्हटलं. "इतकी बारीक की खाली बसतच नाही. हीच भिंती फोडणार."

ते बाटलीकडे कौतुकानं बघत होते. "म्हणून तर पाणी धरती. उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरची माती आत जाती. स्वतःच स्वतःला नांगरती ती, बाई!"

मी कपाळावर हात मारला. गावच्या वाटणीत काळी थोरल्या काकांकडे गेली आणि अण्णांच्या वाट्याला बरड आलं, हे मला माहीत होतं. म्हणून पुढे बोलले नाही, पण राग काही गेला नाही.

खणायच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. जेसीबीचं बकेट खाली जाई आणि काळीच घेऊन वर येई. मी अण्णांना दंडाला धरून मागे ओढत होते, कारण खड्ड्याची कड ढासळत होती.

"रेगडीच है साब," ड्रायव्हर ओरडला. "नीचे भी पूरी रेगडी." इकडे काळ्या मातीला रेगडीच म्हणतात.

इंजिनीअरनं टेप सोडली आणि मान हलवली. दहा फुटांतला आता फूटभरच उरला होता. अण्णांकडे पाहिलं तर चेहरा उजळलेला! बकेटमागून बकेट काळी निघत होती आणि हा माणूस खूश होत होता.

"आनंद होतोय तुम्हाला? आईचं घर चाललंय हातचं!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"मला काय कळत नाही?" ते खेकसले. नजर मात्र खड्ड्यातच.

तेवढ्यात बकेटचे दात कशावर तरी खरकन घासले. वर आलं ते पिवळट, तांबूस, खडीसारखं.

"मोरम आगया साब!"

इंजिनीअरनं पुन्हा मापलं आणि अंगठा दाखवला. मला रडूच फुटलं. अण्णा कडेशी वाकून आत बघत राहिले.

"काळी एवढीच होती?" ते म्हणाले.

मग त्यांनी आईला फोन लावला. मुरूम लागला, घर होणार, हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला. आईला वाटलं, आनंदानं.