आत्यानं मोजलेली बाग

आमच्या गल्लीच्या टोकाला बाग आहे आणि तिच्या फाटकावर माझ्या आत्याचं नाव आहे. हो, शिवणकाम करणाऱ्या बाईचं! पुढे ती तीनदा निवडून आली, गल्लीत पहिला नळ तिनंच आणला, हे सगळेच सांगतात. मी मोजमापाची गोष्ट सांगते, कारण तेव्हा मी तिच्यासोबत होते. नाक धरून का होईना, होते.

तेव्हा तिथे ओसाड जागा होती, एका कडेला उकिरडा. पोरं रस्त्यावरच खेळायची. बेकरीवाल्याच्या मुलीच्या पायावरून ट्रक गेला, तेव्हा आत्यानं बागेसाठी अर्ज केला. नगरपालिकेच्या इंजिनिअरचं उत्तर आलं: बागेला चाळीस मीटर रुंदी लागते, जागा छत्तीसच भरते, सबब ती ट्रक उभे करायला देण्यात येईल. शुक्रवारच्या सभेत शिक्कामोर्तब. वा रे न्याय! पोरीचा पाय मोडणाऱ्यालाच अंगण!

आत्याचा धंद्यातला एक हट्ट होता. गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर बत्तीस, लिहून घ्या," तरी ती टेप लावायचीच. "माणसं स्वतःच्या कंबरेबद्दलही थापा मारतात," म्हणायची. पत्र तिनं दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "चल, टोक धर."

भर दुपारी आम्ही दोघी शिवणाची टेप घेऊन रांगत होतो. दीड मीटर झालं की काडी रोवायची, पुढे सरकायचं. बघ्यांना फुकटची करमणूक. बरोबर छत्तीसवर उकिरडा लागला.

"झालं, साहेबांचंच खरं," मी म्हटलं.

"उकिरड्याला हद्द कधीपासून म्हणायला लागलीस गं?" आत्या म्हणाली आणि सरळ आत शिरली, गुडघाभर घाणीत! मीही गेले, शिव्या देत. पलीकडे गवतात हद्दीची दगडी भिंत होती. एकेचाळीस मीटर! आत्यानं परत मोजायला लावलं, तरी तेवढंच. बूट खराब होऊ नयेत म्हणून मोजणारे अलीकडेच थांबले होते. उंटावरून शेळ्या हाकणारे मेले!

सभेत इंजिनिअर टेप बघून हसला. "बाई, हे काय झबलं आहे?"

"नाही ना, म्हणून दोनदा मोजलंय. तुम्ही एकदा तरी या."

अख्खी सभा उठून आली. साहेबांच्या लोखंडी टेपचं टोक आत्यानंच आत जाऊन भिंतीला टेकवलं. "वाचा साहेब, मोठ्यानं."

"एकेचाळीस मीटर... दहा सेंटिमीटर."

"ऐकू आलं नाही!" मागून बेकरीवाला ओरडला. साहेबांनी पुन्हा वाचलं. काय जल्लोष झाला! मला तर रडूच फुटलं. लोक आत्याला उचलायला धावले आणि तिच्या पायांकडे बघून जरा थबकले.

साहेबांनी नकाशा तिथल्या तिथे दुरुस्त करून सही केली. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "आमची माणसं थांबली तिथं तुम्ही कशाला शिरलात, बाई?"

"तुमच्या माणसांची पोरं या रस्त्यावर खेळत नाहीत, साहेब," आत्या म्हणाली. "आमची खेळतात."

रविवारी गल्ली फावडी घेऊन उकिरडा उपसायला जमली, तेव्हा पहिलं घमेलं साहेबांनीच उचललं.