काकांकडून परत न मागितलेला अधिकार

लकडगंजातलं ते सागवानाचं प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. पूर्व नागपुरातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं.

एका खबऱ्यानं सांगितलं, "साहेब, मोठ्या शेठचं सागवान पारशिवनीत अर्ध्या भावानं विकून राहिले." लकडगंजातल्या त्या लाकूड व्यापारी शेठला बोलावलं. त्यानं गोदाम तपासलं आणि घाम पुसत फिर्याद दिली. अडचण अशी, की कुलूप कुठंच तुटलं नव्हतं. चौकीदारानं प्रत्येक ट्रक गेटपास पाहूनच सोडला होता आणि गेटपास खरे होते, शेठच्या कॉम्प्युटरवर छापलेले.

कॉम्प्युटर चालवायला एक मुलगी होती, आणि ती नेमकी पारशिवनीची. शेठ म्हणाला, "आणखी काय पाहिजे साहेब?" माझ्या हवालदारानंही ठरवून टाकलं होतं. "खरं सांगून टाक वं, सुटशील," तो तिला म्हणाला. तिचे वडील ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. ती चोर ठरली असती तर नोकरी जाणारच होती, शिवाय गावात त्या घराला कोणी दारात उभं केलं नसतं.

ती रडली नाही, चिडली. "मले गेटपास बनवता येते, मंजूर करता येत नाही. माह्या पासवर्डनं ते उघडतच नाही. येऊन पाहून घ्या ना."

मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पाहायला काय हरकत होती? पंचांसमोर एकेकाला आपापल्या पासवर्डनं गेटपास बनवायला आणि मंजूर करायला लावलं. मुलीचं मंजुरीपाशी अडलं. मंजुरी देणाऱ्या मॅनेजरला गेटपास बनवता येईना. मग काका बसले. शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे कारकून, म्हणून सगळ्यांचेच काका. त्यांचं दोन्ही झालं.

काका आधी गोदाम पाहत आणि गेटपास बनवत, मग मंजुरीचं काम करत, आता नुसता पत्रव्यवहार. नव्या जागेचा अधिकार मिळत गेला, जुना कधी काढलाच नाही. कॉम्प्युटर बसवणाऱ्या इंजिनिअरनं शेठला बजावलं होतं, अधिकार माणसाला देऊ नका, कामाला द्या, म्हणजे काम बदललं की तोही जाईल. शेठनं ऐकलं नाही. "मांडीवर खेळवलं त्यांनी मले. त्यांच्याकडून काढून घेणं बरं दिसते का, साहेब?" तो मला म्हणाला. माणसं जपणाऱ्या घरांतच ही चूक होते.

काकांनी जबाब सरळ दिला. नंदनवन वस्तीत घर बांधताना दारांपुरतं सागवान नेलं होतं. कोणी विचारलं नाही. मग हात थांबला नाही.

"पण काहून, काका?" मी विचारलं.

काका म्हणाले, "शेठले सांगजा, अधिकार मागून घेतला असता तर मी रागावलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. तेवढंच झालं असतं, साहेब."

मुलगी सुटली. शेठनं तिची माफी मागितली, पण ती पुन्हा त्या ऑफिसात गेली नाही. काकांना शिक्षा झाली. शेठ डबा घेऊन त्यांना तुरुंगात भेटायला जायचा, असं कानावर आलं. एक अवघड वाक्य वेळेवर बोललं गेलं असतं तर तिघांचंही नुकसान टळलं असतं, ही हळहळ मला अजून वाटते.

पुढे बदली झाली की जप्त मालाच्या खोलीची किल्ली मी कोणी मागण्याआधीच नव्या साहेबाच्या टेबलावर ठेवायचो. एकानं संकोचून ती माझ्याकडे परत सरकवली, "राहू द्या साहेब, घाई काय आहे?" मी उठलो आणि ती त्याच्या हातात दिली.