दगड हरला, चुना जिंकला

मारेगावच्या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे. भरती-ओहोटी, पुळणी, खाड्या, सगळं तोंडपाठ. अन् समुद्र? पाहिलाच नव्हता. हे मी कोणाला सांगत नसे. पण एका दिवशी सातवीतल्या एका पोरीनं सरळ विचारलं, "मॅडम, समुद्राचा आवाज कसा राह्यते?" मी फटकन सांगून टाकलं, कापसाच्या जिनिंगच्या मशीनसारखा. पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. तिला ते लिहिताना पाहिलं आणि मला स्वतःची अशी लाज वाटली की त्या दिवशी डबाही गेला नाही.

म्हणून त्या वर्षी नणंदेच्या खेळात मी जीव ओतला. नणंदेच्या नवऱ्याची बदली मुरूडला झालेली. ती दर रविवारी सकाळी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या जागेचा फोटो टाकायची, तोही असा कापलेला की नुसती पायरी दिसावी नाहीतर नुसती कमान. सोबत दोन-तीन खुणा. जागा ओळखायची आणि संध्याकाळी पाचच्या आत तिला एकटीला उत्तर कळवायचं. एका घराचं एकच उत्तर, इंटरनेटवर शोधायचं नाही, देवाची शपथ. उन्हाळ्यापर्यंत ज्यांचे गुण जास्त, त्यांनी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचं. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे एकाच कुटुंबाची सोय.

आम्ही आणि महागावची माझी मोठी जाऊ, दोघी बरोबरीत आलो. जाऊ भारी हुशार बाई, पण शपथ पाळते की नाही याबद्दल मला आजही शंका आहे. तर सगळं शेवटच्या रविवारावर आलं.

शेवटचा फोटो आला तो नुसत्या भिंतीचा. भिंत तरी कशी? दगडांच्या जागी खोल खळगे आणि दोन दगडांमधला चुना तेवढा चौकटीसारखा बाहेर आलेला. खुणा तीन: चारी बाजूंनी पाणी, बुरजाला फुलाच्या पाकळ्या, दगड हरला, चुना जिंकला.

मी म्हटलं, झालं, जंजिरा. चारी बाजूंनी पाणी म्हटल्यावर दुसरं काय असणार? फोन हातात घेतलाच होता, तेवढ्यात मामाजी म्हणाले, दाखव बरं. मामाजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. निम्म्या मारेगावच्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि उरलेल्या निम्म्यांना ते रस्त्यानं जाता-येता नावं ठेवतात. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि असे तापले की विचारू नका. हा गवंडी लबाड आहे, म्हणाले. नुसता चुना थापला, दगड बसवलेच नाहीत, आणि काम पुरं झालं म्हणून सांगितलं असेल. असा माणूस त्यांच्या हाताखाली असता तर दुपारच्या भाकरीआधी हाकलला असता.

आमचे हे हसून हसून खाटेवर आडवे झाले. मी नाही हसले. मला पाचच्या आत उत्तर द्यायचं होतं आणि इथे तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याची हजेरी चालली होती. मी जरा जोरातच म्हटलं, मामाजी, तुमचं राहू द्या, मी जंजिरा पाठवते. ते ताडकन उठून मागे गेले. मला वाटलं, रागावले. आणि मेसेज तसाच अर्धवट राहिला, कारण रागावलेल्या म्हाताऱ्यामागे जायलाच हवं.

ते न्हाणीच्या मागच्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते. त्या भिंतीला कधीचा लोणा, म्हणजे ओलीतून वर येणारं मीठ, लागलेला. विटा भुगा होऊन गळून गेल्या होत्या आणि मधले जोड उभे होते. हुबेहूब फोटोतल्यासारखे.

"पाह्य सूनबाई," ते म्हणाले, "इटा गेल्या, जोड राह्यले. तो गवंडी लबाड नोयता. त्याचे दगड मिठानं खाल्ले. त्याचा चुना अजून खपला नाई." मग गळलेला भुगा चिमटीत घेऊन म्हणाले, "म्या कायले शिव्या देल्ल्या त्याले."

मग त्यांनीच आठवण करून दिली की जंजिऱ्याचा फोटो तर दिवाळीच्या सुमारास येऊन गेला होता, आणि त्याचे दगड चांगले धडधाकट होते. म्हणजे हा दुसरा कोणी. माझं डोकं तेव्हा कुठे चालायला लागलं. धावत घरात जाऊन शाळेचा घरी आणलेला मोठा नकाशा जमिनीवर पसरला. जंजिऱ्याजवळ बोट फिरवता फिरवता एक इवलासा ठिपका सापडला. पद्मदुर्ग. पाकळ्या कमळाच्या! नणंदेनं शेवटचा प्रश्न स्वतःच्या दारातलाच टाकला होता. पाचला सात मिनिटं असताना उत्तर गेलं. जावेनं जंजिरा कळवला होता. बिचारीनं शपथ पाळली होती की काय कोण जाणे.

मे महिन्यात आम्ही गाड्या बदलत बदलत मुरूडला पोचलो. नणंदेनं ओळखीच्या कोळ्याची होडी ठरवली. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले, आणि किल्ल्यावर उतरताच कोणाकडे न बघता त्या भिंतीपाशी गेले. एका खळग्यात मनगटापर्यंत हात घातला, चुन्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून उभे राहिले. मी फोनवर समुद्राचा आवाज भरून घेत होते, त्या सातवीतल्या पोरीसाठी. पण मामाजींना कंठ फुटला तो थांबेचना. चुना बैलाच्या घाण्यात कसा मळायचा, त्यात गूळ किती, बेलफळाचं पाणी किती, सगळं भिंतीलाच सांगत होते. मी थांबवलं नाही.

जूनमध्ये ती पोरगी आठवीत आली होती. मी वर्गात उभी राहून कबूल केलं की मागच्या वर्षी खोटं बोलले होते, समुद्र तेव्हा पाहिलाच नव्हता. आणि फोन टेबलावर ठेवून आवाज लावला. मामाजींचा चुना सुरू झाला. पोरं हसायला लागली. ती मात्र पुढे वाकून ऐकत होती.

"मॅडम, आजोबा बोलून राह्यले, त्याच्या मांगं कोणीतरी दम घेऊन राह्यलं. तो हाय का समुद्र?"

"हो," मी म्हटलं, "तोच."

तिनं वही काढली, जिनिंगची मशीन खोडली आणि त्याखाली नवीन ओळ लिहायला घेतली. बावीस वर्षांत समुद्राबद्दलचं हे माझं पहिलं उत्तर होतं, जे पुस्तकातलं नव्हतं.